पानामागचा बुरा आणि दोन कॅमेरे



मागच्या महिन्यात काढलेले फुलकिड्यांचे फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलं, कॅमेरा कोणता, महागातला का, साधा चालेल का. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथंच सगळं सांगतो. जरा लांबेल.

सुरुवात २०१९ पासून करावी लागेल. ऑक्टोबर संपता संपता तो पाऊस आला, तो कुणी विसरलेलं नाही. माझी पिंपळगावची थॉमसनची बाग तेव्हा छाटून पंचवीस-सव्वीस दिवस झालेली, घड दोड्यात. दोन दिवसांनी पानावर पिवळसर डाग दिसले. मोबाईलवर फोटो काढला आणि सल्लागारांना व्हॉट्सॲपवर टाकला. त्यांचा निरोप आला, "भाऊ, डाग पुसट दिसतोय. कालच्या फवारणीची झळ वाटते. दोन दिवस थांबा, वेलीवर अजून ताण नको." मी थांबलो. ती झळ नव्हती, डाऊनी होती. दोन दिवसांत घडांवर पांढरा बुरा चढला आणि एका एकरात हिशेब करण्याजोगं काही उरलं नाही.

सल्लागारांना मी आजही दोष देत नाही. तो फोटो मी नंतर मोठा करून पाहिला. पिवळा ठिपका आणि भोवती हिरवं धुकं, बस. त्यावरून कुणी काय सांगणार? आणि पानाची खालची बाजू मी काढलीच नव्हती.

तेव्हाच ठरवलं, एक नीट कॅमेरा घ्यायचा. घ्यायला मात्र पुढची दिवाळी उलटली.

इंदिरानगरात आमच्याच इमारतीत एक पोरगा राहतो, लग्नाचे फोटो काढतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, घ्यायचाच तर निकॉनचा डी ७५०० घ्या. डी ३५०० शिकाऊ पोरांचा आहे. वर्षभरात कंटाळाल." महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात गेलो तर तिथंही तोच सूर. साधा कॅमेरा किट लेन्ससकट चाळीस हजारांच्या आत बसत होता, मधला नुसत्या बॉडीलाच सत्तरच्या पुढे. घरी आल्यावर मंडळी म्हणाली, "तेवढ्यात ब्लोअरचं राहिलेलं काम होईल." ते खरंच होतं.

पोरगा मनाने चांगला. स्वतःचा डी ७५००, मित्राचा डी ३५०० आणि एक जुनी ९० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेऊन रविवारी माझ्याबरोबर बागेत आला. इंदिरानगरच्या बोगद्यापासून हायवेला लागलो आणि पिंपळगाव येईपर्यंत तो मला मधल्या कॅमेऱ्याचं कौतुक सांगत होता. फोकसचे ५१ बिंदू, साध्याला ११ च. शटर सेकंदाच्या आठ हजाराव्या भागापर्यंत, साध्याचं चार हजाराव्या. अंधारात चांगला, भराभर फोटो काढतो, बॉडीला धूळ-पाण्यापासून सील. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण ते सगळं वरातीत नाचणाऱ्या माणसांसाठी होतं. माझा फुलकिडा नाचत नाही, फार तर घडात लपतो.

बागेत गेल्यावर मजा झाली. ती लेन्स जुनी, तिच्यात फोकसची मोटर नाही. डी ७५०० च्या बॉडीत मोटर असल्याने तिथं ऑटोफोकस चालला, डी ३५०० वर चाललाच नाही. पोरगा म्हणाला, "बघा काका." मी म्हटलं, बघू. घड पांढऱ्या पुठ्ठ्यावर झटकला, चार-पाच फुलकिडे पडले आणि आम्ही अगदी जवळ गेलो. तिथं मोटर असून नसून सारखी झाली. इतक्या जवळून लेन्स नुसती पुढे-मागे करत राहते, किड्यावर थांबतच नाही. शेवटी त्यानेही ऑटोफोकस बंद केला, लेन्स एका जागी ठेवली आणि श्वास रोखून स्वतःच पुढे-मागे डुलत फोटो काढले. पूर्ण जवळ गेल्यावर एफ ११ ठेवलं तरी स्पष्ट पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. वाऱ्याने पान हललं की तो फोटो गेला. ५१ बिंदू असोत की ११, वारा कुणाचं ऐकत नाही.

संध्याकाळी घरी बसून मी एक हिशेब केला. तो अवघड नाही, तुम्हीही करा. दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद. डी ३५०० त्या रुंदीत ६००० ठिपके बसवतो, डी ७५०० बसवतो ५५६८. फुलकिडा साधारण एक मिलिमीटरचा. मॅक्रो लेन्सने तो सेन्सरवर जसाच्या तसा, एकास एक उतरला, तर साध्या कॅमेऱ्यात तो २५५ ठिपक्यांत येतो आणि मधल्यात २३७ मध्ये. म्हणजे किड्यापुरतं पाहिलं तर स्वस्तातला तसूभर पुढेच! कॅननचा ९० डी घेतला तर हाच आकडा ३१२ च्या आसपास जातो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्याची किंमत ऐकून मी दुकानात पाणी मागितलं होतं.

उलट किट लेन्स पाहा. १८-५५ ने जास्तीत जास्त जवळ गेलात तरी चित्र एकास ०.३८. तोच किडा शंभरेक ठिपक्यांत. किडा आहे एवढं कळतं, कोणता ते कळत नाही. म्हणजे आपल्या कामाचा खरा फरक दोन बॉड्यांमध्ये नव्हताच, तो लेन्समध्ये होता. हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

म्हणून मी डी ३५०० घेतला आणि वाचलेले पैसे मोटर असलेल्या ९० मिलिमीटर मॅक्रो लेन्समध्ये घातले. उद्या बॉडी बदलली तरी लेन्स राहील. ४० ची मॅक्रो स्वस्त मिळते, पण ती किड्याच्या इतक्या जवळ न्यावी लागते की लेन्सचीच सावली पडते आणि तुडतुडा तर कधीच पसार होतो. तेवढाही खर्च नको असेल तर ५० च्या लेन्समागे २० मिलिमीटरची नळी लावा. भुरी, पिठ्या ढेकूण आणि पानावरचे डाग यांना तेवढं पुरतं.

उजेडाबद्दल एक सांगतो, कारण फोटो बिघडतात ते यातच. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारला तर पान चकाकतं आणि बुरा दिसत नाही. मी जाड पुठ्ठ्याच्या चौकटीला बटर पेपर चिकटवून ती लेन्सच्या टोकाशी धरतो. उजेड पसरतो, सावली मऊ होते. फ्लॅशमुळे वाऱ्याचा त्रासही बराच कमी होतो, कारण त्याचा लखलखाट क्षणभराचाच. डाऊनीचा बुरा काढताना मात्र उजेड एका बाजूने तिरपा येऊ द्या, तंतू उठून दिसतात. आणि फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर एवढं सगळं करून तिकडे पुन्हा धुकंच पोचतं.

आता पोराचं जे खरं ठरलं तेही सांगतो. डी ३५०० चा मागचा पडदा हलत नाही. डी ७५०० चा वाकतो. मांडवाखाली पानाची खालची बाजू काढायची तर मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. त्या कामाला मधलाच हवा होता, निदान डी ५६००, त्याचा पडदा तर बाहेर काढून फिरवता येतो. आणि सीलचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं ते चुकलं. गंधकाची धुरळणी चालू असताना एकदा कॅमेरा उघडा राहिला, तेव्हापासून वरची चकती फिरवताना करकर वाजते. आता तो स्टीलच्या डब्यात राहतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. धुरळणी किंवा फवारणीच्या दिवशी तो डबा घरातून निघतच नाही.

परवा बागेत पुन्हा पिवळा डाग दिसला. पोटात गोळाच आला. या खेपेला पान वरून काढलं, खालून काढलं, तिरप्या उजेडात काढलं. मोठं करून पाहिलं तर कडा सरळ कापल्यासारखी, खाली बुरा नाही. सल्लागारांना तिन्ही फोटो पाठवले. त्यांचा निरोप आला, "झळ दिसते. पण भाऊ, यंदा माझ्या शब्दावर थांबू नका. पान ओल्या पिशवीत ठेवा आणि सकाळी खालची बाजू पुन्हा काढा."

पान पिशवीत घालून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलंय. शेजारी चिठ्ठी लावलीय, भाजी नाही, हात लावू नये. सकाळी फोटो काढला की इथं टाकतो.