आरशातली प्रत

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझं माहेर मराठी, सासर कन्नड. आपल्या तुपाला सासूबाई तुप्प म्हणतात, अडकित्त्याला अडकत्तरी. अशा शब्दांच्या जोड्या मी तीन वर्षं संगणकावर लिहून ठेवत होते. घरच्या आणि कॉलेजच्या संगणकावरची फाइल आपोआप सारखी राहावी, अशी सोय भाच्यानं करून दिली होती. दोन ठिकाणी प्रत, म्हणून मी निर्धास्त!

गेल्या पावसाळ्यात लिहिता लिहिता वीज गेली. परत आली तेव्हा फाइल कोरी. कॉलेजात जाऊन पाहते, तर तिथलीही कोरी.

भाचा बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये असतो. फोनवर म्हणाला, "मावशी, यंत्रानं सांगितलेलं काम चोख केलं. इथलं तिथं केलं. अगं, केडीईवाल्यांचंसुद्धा असंच झालं होतं."

केडीई हा १९९६ साली जर्मनीत सुरू झालेला मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प. जगभरचे लोक त्यासाठी कोड लिहितात. तो कोड गिट नावाच्या व्यवस्थेत, सुमारे १५०० भांडारांत ठेवलेला होता. मुख्य सर्व्हर एक, आणि त्याच्या हुबेहूब प्रती ठेवणारे 'आरसे' निरनिराळ्या ठिकाणी. मार्च २०१३ मध्ये सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी मुख्य सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तर त्यावरच्या फाइली बिघडलेल्या. भांडारांची यादीही बिघडली. आरशांनी ती यादी वाचली, आणि यादीत नाव नाही म्हणजे भांडारच नाही, असं समजून आपल्याजवळच्या चांगल्या प्रती पुसून टाकल्या! सुदैवानं एका सर्व्हरवर धड प्रत उरली होती. तिच्यावरून सगळं पुन्हा उभं राहिलं.

मला नवल वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. गिटमध्ये प्रत्येक तुकड्याचं नाव त्याच्या मजकुरावरूनच काढलेलं असतं. एक अक्षर बदललं तर नाव जुळत नाही. म्हणजे बिघाड ओळखायची सोय घरातच होती. पण ताडून बघ, असं कुणीतरी सांगावं लागतं. (आमच्या परीक्षा विभागाची आठवण झाली, असो.)

भाच्यानं आता व्यवस्था बदलली आहे. आरसा आहेच, कारण एक संगणक मोडला तर तो कामी येतो. पण एकदम खूप काही नाहीसं होऊ लागलं तर त्यानं थांबून विचारायचं. शिवाय दर रविवारी तारीख घालून एक वेगळी प्रत ठेवायची. तिच्यावर कुणी काही लिहायचं नाही, आणि महिन्यातून एकदा ती उघडून, वाचून पाहायची. हे शेवटचं काम माझं.

एका जुन्या पेन ड्राइव्हवर यादी सापडली, दोन महिन्यांपूर्वीची. मधले शब्द गेले. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे. वही-पेन घेऊन पुन्हा त्यांच्याजवळ बसले, तर म्हणाल्या, "सांगितलं होतं की ग तुला! लिहून ठेवलं नाहीस काय?"

मग थोडा वेळ आठवत राहिल्या. त्या दिवशी चार शब्द परत मिळाले.