रानाच्या दारी जाण्यापूर्वी

वेलंकनीच्या यात्रेला निघायचे असले, तर आपल्या घरांतून दोन-दोन महिने आधी तयारी सुरू होते. गाडीचे आरक्षण, सोबतची मंडळी, फराळाचे डबे, औषधांची पुरचुंडी, काहीच विसरत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जायचे म्हटले, की मात्र कोणी कागदावर चार ओळीदेखील लिहीत नाही. वसईची खाडी ओलांडली की बोरिवली, आणि स्थानकावरून उद्यानाचे प्रवेशद्वार चालत जाण्याच्या अंतरावर. जे जवळ आहे त्याला तयारी कशाला, असा आपला समज. म्हणून रविवारी भर बाराच्या उन्हात मुलेबाळे, चटया आणि डबे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे तेथे पोहोचतात, तिकिटाच्या रांगेत उभी राहतात आणि दमून, चिडून परततात. आपण रानात जाऊन आलो असे त्यांना वाटते. पण त्यांनी पाहिलेली असते ती केवळ गर्दी.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामात उद्यानाच्या सहलीचा विषय निघाला, तेव्हा परिषदेतील एका निवृत्त शिक्षकांनी सरळ सूचना केली, ''सहल मंगळवारी न्यावी. सोमवारी उद्यान बंद असते आणि रविवारी तेथे पाय ठेवायला जागा नसते.'' सूचना शहाणपणाची होती, माना डोलल्या. इतक्यात मागच्या बाकावरून एक भगिनी उठल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. त्या म्हणाल्या, ''फादर, मंगळवारी आले तर माझा खाडा होतो. आम्हांला सुट्टीचा वार एकच. त्या दिवशी गर्दी होते ती आमच्यासारख्यांचीच.''

सभा क्षणभर स्तब्ध झाली. आम्हांलाही त्या वाक्याने विचारात पाडले. गर्दी या शब्दात आपण नेहमी दुसऱ्यांना धरतो, स्वतःला कधीच नाही. ज्यांच्यापाशी आठवड्याचे सातही दिवस आहेत, ती माणसेसुद्धा सवयीने रविवारीच बाहेर पडतात आणि ज्यांच्यापाशी एकच दिवस आहे, त्यांची वाट अडवतात. बऱ्याच चर्चेनंतर ठरले ते असे : निवृत्त मंडळी, गृहिणी आणि नाताळच्या सुट्टीतील शाळकरी मुले यांनी मंगळवारी जावे. कष्टकरी कुटुंबांची सहल रविवारी भल्या पहाटे निघावी. त्यांनी शनिवारी सायंकाळच्या मिस्साला उपस्थित राहावे. रविवारच्या सहलीत इतर कोणी नाव नोंदवू नये.

दिवस ठरला, तरी काम संपत नाही. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे आहे. एका दिवसात सगळे पाहू म्हणणाऱ्याला त्यातील काहीच दिसत नाही. जाळीच्या बसमधून वाघ-सिंह पाहायचे, तर त्या रांगेत सकाळ जाते. आम्ही एकच ठिकाण निवडले, कान्हेरीची लेणी. ती प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत आणि त्यांचे तिकीट वेगळे काढावे लागते. तेव्हा वाहनाची चौकशी आधी करावी, वृद्धांसाठी चढणीचा विचार करावा आणि दार उघडण्याच्या वेळी दारात असावे. उन्हे चढण्याआधी लेण्यांत पोहोचले, की पाखरांचे आवाज ऐकू येतात. दहानंतर फक्त माणसांचे. शिलोंड्यासारख्या पायवाटांवर जाण्यास पूर्वपरवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

कान्हेरी निवडण्याचे आमचे कारण एवढेच, की नियोजन म्हणजे काय हे तेथला खडक शिकवतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षूंनी तेथे शंभराहून अधिक लेणी कोरली. पावसाचे पाणी उतारावरून पन्हळींतून लेण्याशेजारच्या टाक्यात उतरावे, अशी त्यांची योजना. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे. कल्याणच्या आणि आपल्या शेजारच्या सोपाऱ्याच्या दात्यांचा उल्लेखही त्या लेखांत आहे. पुढच्या उन्हाळ्याची तहान या माणसांनी पावसाळ्यातच ओळखली होती. १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव याच डोंगररांगेत मुंबईच्या पाण्यासाठी बांधले गेले, ते उगाच नव्हे.

शिदोरीविषयी आम्ही जरा कडक नियम केले. प्लास्टिकची पिशवी न्यायची नाही, पाणी स्टीलच्या बाटलीत, उष्टेखरकटे परत घरी. लेण्यांपाशी माकडे हातातील खाऊ हिसकावतात, म्हणून खाणे दिसेल असे बाळगायचे नाही आणि त्यांना द्यायचेही नाही. एका मुलाने विचारले, एवढ्याशा खरकट्याने काय बिघडते? बिघडते ते असे : उकिरड्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीपाशी येतो. २००४ साली या रानाच्या कडेला बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले. पुढे अभ्यासकांनी आणि वनखात्याने लोकांना जी गोष्ट पटवली, तीत कचरा आवरणे हे पहिले कलम होते. सहलीला जाणारा संध्याकाळी आपल्या घरी परततो. रावणपाडा, नवापाडा येथील आदिवासी मात्र रात्री तेथेच असतात. आपण टाकलेल्या उष्ट्याचे मोल त्यांच्या लेकरांनी का द्यावे? लेण्यांच्या वाटेवर काकडी-कैरी विकणाऱ्या पाड्यावरच्या बाया भेटल्या, तर घासाघीस करू नये, असेही एक कलम आम्ही यादीत घातले.

एका गोष्टीचे नियोजन मात्र आपल्या हाती नाही. आपल्या आजोबांच्या घरांचे कुड ज्या कारवीचे असत, ती कारवी या उद्यानात आठ वर्षांतून एकदा फुलते. २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली. तेव्हा पावसाळा सरता सरता उतार जांभळे होतात आणि मग झुडपे बी टाकून वाळून जातात. पुढचा बहर २०३२ साली अपेक्षित आहे. धर्मग्रामाच्या वहीत आम्ही तशी नोंद करून ठेवली आहे. तोवर आमची बदली झालेली असेल आणि वही दुसऱ्या धर्मगुरूंच्या हाती असेल. त्यांच्यासाठी खाली एक ओळ अधिक लिहिली आहे : सहल दोन दिवशी न्यावी आणि रविवार ज्यांचा आहे त्यांना द्यावा.