वेचणीचा उन्हाळा

बालाघाट हे नाव खालच्या गावाला पडलंय, ही त्या गावाची जुनी गंमत. ‘बाला’ म्हणजे वरचा. घाटावरचा मुलूख तो बालाघाट. गाव मात्र घाटाच्या पायथ्याशी, वैनगंगेच्या काठी, भाताच्या बांध्यांमध्ये बसलेलं. त्याचं मूळ नाव बुऱ्हा. १८६७ साली इंग्रजांनी घाटावरचा आणि घाटाखालचा मुलूख एकत्र बांधून जिल्हा केला, कचेरी खाली ठेवली आणि नाव वरचं दिलं. तेव्हापासून हे गाव उन्हाळाभर मान वर करून आपल्याच नावाकडे बघत बसलेलं आहे.

माझं आजोळ तिथलं. नागपूरहून गोंदियापर्यंत मोठी गाडी, गोंदियाला उतरून पूल ओलांडला की तेव्हा छोटी लाइन लागायची. अडीच फुटांचे रूळ, त्यावर डुलत जाणारे खेळण्यातल्यासारखे डबे. मामाकडे निघालेल्या पोरांना ती गाडी हळू चालते याचं दुःख नव्हतं. वाटेत उतरून बोरं वेचून पुन्हा चढता येतं, अशी तिची ख्याती होती आणि ती खरी मानण्यातच आमचा फायदा होता. एके काळी हा जिल्हा नागपूर विभागातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली; भंडारा इकडे आला, बालाघाट तिकडे राहिला. आजोबा म्हणायचे, “आमी काई हाललो नाई, प्रांतच बाजूनं निघून गेला.” घरात मराठी, अंगणात पोवारी, बाजारात हिंदी, आणि घाटावरून मोळी घेऊन उतरणाऱ्या बायकांशी बोलताना या तिन्हींची खिचडी.

उन्हाळ्यात डोंगरावर जायचं म्हणजे हवा खायला, हे आम्हा शहरी पोरांना पुस्तकांनी शिकवलेलं. जुन्या मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला चढायचं. वऱ्हाडातले साहेब चिखलदऱ्याला. बंगले, व्हरांडे, संध्याकाळचा फेरफटका. आमच्या घाटावरच्या बैहरच्या पठाराच्या नशिबी हे काही आलं नाही. डोंगर आहेत, उंची आहे, रात्री पांघरूण घ्यावं असा गारवाही आहे; पण इथं कुणी उन्हाळा घालवायला आलं नाही. म्हणून इथल्या माणसांना डोंगराकडे व्हरांड्यातून बघायची सवयच लागली नाही. ती उन्हाळ्यात डोंगर बघत नाहीत, वेचतात.

ही वेचणी मी पहिल्यांदा पाहिली ती मामांमुळे. मामा वर्षभर एका छोट्या शाळेत मास्तर आणि मे महिन्यापुरते फडमुन्शी. विडीची तेंदूपानं गोळा होतात ती जागा म्हणजे फड. शाळेला सुट्टी लागली की मामा पिशवीत वही, शिसपेन्सिल आणि चार कांदे टाकून बैहरच्या गाडीत बसायचे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, एका वर्षी हट्टानं बरोबर गेलो. आजीनं माझ्याही खिशात कांदा कोंबला. “उन्हात जाशील तं कांदा ठेवजो खिशात. अन् डोक्याले दुपट्टा.” खिशातला कांदा ऊन शोषून घेतो, असं सगळा विदर्भ मानतो. त्यामागचं शास्त्र मला ठाऊक नाही, पण आजीला खात्री होती आणि मला कधी ऊन लागलं नाही.

गांगुलपाऱ्यावरून रस्ता घाट चढू लागतो. पायथ्याशी साग, मे महिन्यात त्याच्या अंगावर पान नाही, नुसत्या करड्या काठ्या. मध्ये बांबूची बेटं, तीही पिवळी पडलेली. उकवा मागे टाकलं की हळूहळू नजर गार व्हायला लागते आणि का ते आधी कळत नाही. मग ध्यानात येतं, साल सुरू झाला. साल कधी पुरता नागडा होत नाही. चैत्रातच त्याला नवी पालवी येते, आणि खालचं जग भाजून निघत असताना वर त्याची सावली ओल्या फडक्यासारखी पसरलेली असते. सागाचं जंगल संपून सालाचं सुरू होतं, ती शीवच खरं म्हणजे ‘बालाघाट’ची पाटी लावायची जागा.

आम्ही पोचलो तेव्हा मोहाचा बहर सरला होता. पण त्याची गोष्ट गावभर अजून वाळत पडली होती. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं गळतात ती पहाटे. टपोरी, पिवळट, रसानं भरलेली, फुलापेक्षा फळाच्या जवळची. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचायचं, नाहीतर चितळं येतात, अस्वलं येतात. अस्वलाला मोह फार प्यारा आणि पहाटेच्या अंधारात टोपलीवर वाकलेली बाई त्याला दिसते उशिरा. म्हणून मोह वेचायला एकटं जायचं नाही, मोठमोठ्यानं बोलत जायचं. पहाटे जंगलातून येणारे ते हसण्या-भांडण्याचे आवाज मी पुढं कधीतरी ऐकले. त्यातलं निम्मं हसणं अस्वलासाठी असतं, हे कळल्यावर ते वेगळंच ऐकू यायला लागलं.

मोहाला एक काळी बाजूही आहे. फूल पाचोळ्यात हरवतं, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन लख्ख करतात. ती आग कधी झाडाखाली राहते, कधी राहत नाही. बालाघाटात अंगणातल्या बाजेवर पडल्या पडल्या आम्ही रात्री डोंगराकडे बघायचो. अंधारात लाल रेघ सरकत असायची, मध्येच तुटायची, पुन्हा जुळायची. आम्हा पोरांना वाटायचं, डोंगरानं माळ घातली. आजी म्हणायची, “कोणाचं तरी घर जळून राह्यलं, पाखराचं.” फूल वेचणाऱ्या बाईला दोष द्यावा तर तिच्या घरच्या चार महिन्यांची मिठा-तेलाची सोय त्या टोपलीत, आणि न द्यावा तर रोपटी जळतात, अंडी जळतात. चाळीस वर्षं झाली, मला याचा निकाल लावता आलेला नाही.

मेमध्ये मात्र राज्य तेंदूचं. आपल्याकडचं टेंभुर्णीचं झाड तेच. उन्हाळा लागताना त्याची झुडपं छाटतात, मग धुमारे फुटतात. कोवळं पान तांबूस, मऊ. ते हिरवं, जाड, चामड्यासारखं झालं की तोडायचं. पहाटे तीनला माणसं निघायची. दहाच्या सुमारास बायका डोक्यावर गाठोडी घेऊन परतायच्या. मग घराच्या सावलीत सगळं कुटुंब गोलाकार बसायचं: आजी, सून, नातवंडं. पन्नास पानांची एक गड्डी. पान पानावर, देठ देठाशी, सालीच्या दोरीनं गाठ. बोलणं चालूच, बोटं मात्र मोजत असायची. गप्पांत कुणी हसून लोळलं तरी गड्डीत पान एकोणपन्नास व्हायचं नाही.

संध्याकाळी फडावर रांग. मामा खोडावर बसून मोजायचे, मी बाजूला बसून वहीत रेघा मारायचो. “बापू, पान तोडणं सोपं आहे, मोजणं कठीण.” कठीण का, ते दोन दिवसांत समजलं. डागाळलेली, फाटकी, कोवळी पानं असलेली गड्डी नाकारायचा मुन्शीला अधिकार. समोर उभी असलेली बाई काही बोलायची नाही. फक्त नाकारलेली गड्डी परत उचलताना ती जरा हळू उचलायची. मामांचा हात त्या वेळी वहीवर घोटाळायचा. ते नाकारत कमी आणि रात्री कुरकुरत जास्त.

एक हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, म्हणजे पन्नास हजार पानं. १९६४ पासून या पानांचा व्यापार मध्य प्रदेश सरकारच्या हाती आहे. अलीकडे बोऱ्याला चार हजार रुपये दर झालाय. हिशेब करा: गड्डीला चार रुपये, पानाला आठ पैसे. तेव्हा तर याच्या कितीतरी कमी होते. मोजलेल्या गड्ड्या उघड्या जमिनीवर ओळीनं मांडायच्या, काही दिवसांनी पलटायच्या, वाळल्या की पाणी शिंपडून पोत्यात भरायच्या, कोरड्या भरल्या तर चुरा होतो. मग ट्रक घाट उतरून विडीच्या गावांकडे जायचे. गोंदियाच्या फलाटावर कुणी विडी शिलगावली की आजही मला आधी ती गोल बसलेली घरं दिसतात, धूर नंतर.

त्या फडावर मी एक उलटी गोष्ट शिकलो. मे महिन्यात दुपारी आभाळ भरून आलं, वारा सुटला, की शहर आनंदतं. फडावर धडकी भरते. वळवाच्या सरीनं मांडलेली पानं भिजली की काळी पडतात, गारांनी झाडावरची भोकं पडून फाटतात. एका दुपारी तसं आभाळ आलं. मी आनंदानं नाचायला लागलो आणि पाहिलं, सगळ्या गावानं तोंडं वर केलेली, कुणी बोलत नाही. चार थेंब पडले आणि ढग पुढं गेला. मामांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. नवतपा खडखडीत तापावा अशी मनापासून इच्छा करणारी माणसं मी तिथंच पाहिली. मेच्या शेवटी सूर्य रोहिणीत जातो तेव्हाचे ते नऊ दिवस. खालचा शेतकरी म्हणतो, नवतपा तापला तर पाऊस बरा. वरचा म्हणतो, नवतपा तापला तर पान वाळतं. दोघांचं सुख एकाच आगीत.

मोठी माणसं पानात गुंतली की पोरं मोकळी. आणि मोकळी म्हणजेही वेचायलाच. चारं पिकलेली असायची: काळीजांभळी, आंबटगोड, बोराहून लहान. खाऊन बिया थुंकायच्या नाहीत, मुठीत धरायच्या. त्यांतूनच चारोळी निघते. एके काळी या बियांच्या बदल्यात व्यापारी मीठ देत, हे मला मामांनी सांगितलं. आपल्या श्रीखंडावर पेरलेल्या चारोळीकडे मी त्यानंतर जरा ओशाळून बघतो. टेंभरं मिळायची, पिवळी, जिभेला चिकटणारी. ओढ्याच्या आटत्या डोहात हातानं मासे धरायचे. हा खेळ की काम, असं तिथल्या पोरांना विचारलं असतं तर प्रश्नच समजला नसता. संध्याकाळी आईच्या ओट्यात काहीतरी पडलं पाहिजे आणि दिवस मजेत गेला पाहिजे, या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या केलेल्याच नव्हत्या.

दुपारी एका बैगा आदिवासी म्हातारीनं मला तुंब्यातून पेज पाजली. तुंबा म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याचं भांडं. त्यात कोदो-कुटकीची आंबूस, गार पेज. मी नागपूरचा, पेज हा शब्द कोकणातल्या मित्राच्या तोंडचा. सातपुड्याच्या या टोकाला तोच शब्द भेटल्यावर दूरचा नातेवाईक भेटल्यासारखं झालं. बैगा पूर्वी नांगर धरत नसत. नांगरानं धरतीमातेची छाती फाटते असं मानत. डोंगरउतारावरची झाडं तोडून, जाळून, राखेत बी फेकायचे: बेवर. इंग्रजांनी ते बंद पाडत आणलं. व्हेरिअर एल्विननं १९३९ मध्ये या लोकांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. म्हातारीला त्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं फक्त पाहिलं की मुन्शीचा भाचा तहानलाय.

याच पठारावर, कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की फाटकातून, आता पहाटे जिप्सी आत शिरतात. कान्ह्याचा उन्हाळा पर्यटकांना सोयीचा. पाणवठे आटतात, गवत विरळतं, वाघ दिसतो. किपलिंगनं १८९५ च्या दुसऱ्या ‘जंगल बुका’त या वैनगंगेच्या मुलखातला दुष्काळ लिहिलाय. पाणी इतकं आटतं की नदीतला एक खडक उघडा पडतो आणि पाण्यापाशी कुणी कुणाची शिकार करायची नाही, असा तह होतो. त्या दुष्काळाची एक खूण म्हणून त्यानं मोह फुलला नाही, असं सांगितलंय. ते मात्र अगदी इथल्या माणसासारखं. काही वर्षांपूर्वी मीही जिप्सीत बसलो. थंडीनं कुडकुडत, गळ्यात दुर्बीण. फाटकाच्या अलीकडे रस्त्याकडेला टोपल्या घेतलेल्या चार बायका थांबल्या, आमची गाडी जाऊ दिली. एकाच पहाटे, एकाच जंगलाकडे. आम्ही वाघ दिसावा म्हणून निघालो होतो, त्या दिसू नये म्हणून मोठ्यानं बोलत होत्या. उद्यानाच्या गाभ्यातली गावं केव्हाच उठवून बाहेर बसवली. त्यांच्या गावठाणांवरचे मोह आतच राहिले. त्यांची फुलं आता चितळं आणि अस्वलं खातात. वाघ वाचायला हवा होता, हे खरंच. पण आपण लावलेलं नसूनही पिढ्यान्‌पिढ्या आपलं असलेलं झाड मागं सोडून येणं म्हणजे काय, हे जिप्सीच्या तिकिटावर छापलेलं नसतं.

त्या पहिल्या वर्षी आम्ही घाट उतरलो तो जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या तोंडावर. फड उठला होता. वाऱ्याबरोबर सालाचं बी गळत होतं; त्याला पाकळ्यांसारखे पंख असतात, भिरभिरत फिरकीसारखं खाली येतं. बायका तेही वेचत होत्या, तेलासाठी. घाटमाथ्यावर गाडी थांबली तेव्हा मामांनी दोन्हीकडे हात करून दाखवलं. इकडं पडलेलं पाणी बंजर नदीतून नर्मदेला, तिथून पश्चिमेच्या समुद्राला. तिकडं पडलेलं वैनगंगेतून गोदावरीला, पूर्वेच्या समुद्राला. मी खिसाभर सालाच्या बिया घेतल्या, नागपूरला अंगणात लावायला. खिशातला आजीचा कांदा तोवर वाळून गेला होता. तो काढून टाकला आणि त्या जागी बिया ठेवल्या.

घरी आल्यावर शाळा, नवी पुस्तकं, पाऊस. बिया आठवल्या तेव्हा पंधरा दिवस झाले होते. खड्डा केला, पाणी घातलं, रोज उकरून पाहिलं. काही उगवलं नाही. सालाच्या बियात जेमतेम आठवडाभर जीव असतो, हे पुढं कळलं. म्हणूनच ते नेमकं पावसाच्या तोंडावर गळतं आणि वेचणाऱ्या बायका तिथं त्याच दिवशी असतात. मामांना पत्रात हे लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, मास्तरी अक्षरात, दोन ओळी: पुढच्या वर्षी ये. वेचलेलं त्याच दिवशी मोजायचं असतं.