साता समुद्रापलीकडचा पत्ता

मैत्रिणींनो, रत्नागिरीला आलात की भाट्याची पुळण आणि रत्नदुर्गावरचं भगवतीचं देऊळ तुम्ही पाहालच. त्यातूनच तासभर काढून थिबा राजवाडाही पाहा. आणि गावात परतल्यावर पाच मिनिटं पोस्टाच्या खिडकीशी उभ्या राहा. राजवाड्याचा आणि पोस्टाचा काय संबंध, असं म्हणाल. तोच तर सांगायचा आहे!

आमच्या कोकणात घरटी एक तरी माणूस बाहेर असायचाच. मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डर यायची आणि तिच्या खालच्या चिटोऱ्यावर खुशालीच्या दोन ओळी. पुढे मस्कत-दुबईची विमानपत्रं येऊ लागली. आधी ओटीवर सासूबाईंसमोर मोठ्याने वाचायची, मग स्वयंपाकघरात चुलीपाशी एकटीने पुन्हा. आता लेक-जावई न्यू जर्सीला नाहीतर सिडनीला. रोज फोनवर तोंड दिसतं, मग पत्र हवं कशाला?

यासाठीच राजवाडा पाहायचा. आपण इथून परदेशी जातो, पण ब्रह्मदेशच्या थिबा राजाला आपली रत्नागिरी हाच परदेश होता! इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये राजा, राणी आणि लहानग्या राजकन्यांना इथे आणून ठेवलं. हा वाडा १९१० साली बांधून झाला. पुरी तीस वर्षं पहाऱ्यात काढून १९१६ मध्ये राजाने इथेच डोळे मिटले. राणीला मायदेशी जायला १९१९ साल उजाडलं. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीलाच परत आली. तिची लेक इथेच वाढली, इथेच संसार केला, आणि २००० साली गेली. राजाची सख्खी नात, पण बोलायची आपली मराठीच! रत्नागिरीकरांनी तिला आपलं मानलं, हे चांगलंच झालं. तरी मनात येतंच, आजोबांची भाषा दोन पिढ्यांत सुटली की हो.

त्यांच्यावर सक्ती होती. आपल्या मुलांवर तशी नाही, पण भाषा सुटायला सक्तीच लागते असंही नाही. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. सुट्टीत परदेशातून आलेली नातवंडं आजीशी छान मराठी बोलतात, पण दुकानाची पाटी वाचायला सांगितली की गप्प! फोनने बोलणं टिकतं, अक्षर टिकत नाही. त्यासाठी कागदच हवा.

तेव्हा पुढच्या पार्सलात फराळाबरोबर एक चिठ्ठी घाला. नातवाच्या नावाने, मोठ्या सुट्या अक्षरांत, चारच ओळी. ‘मनी मांजरीला तीन पिल्लं झाली. त्यांची नावं काय ठेवू?’ असा काही प्रश्न शेवटी असू द्या, म्हणजे उत्तर लिहावंच लागेल. आईने वाचून दाखवायचं नाही, हेही लेकीला बजावा.

आता थोडं पार्सलाविषयी. परदेशचा पत्ता इंग्रजीत, देशाचं नाव अगदी शेवटच्या ओळीत ठळक, आणि सोबत तिकडचा फोन नंबर. कस्टमच्या फॉर्मवर ‘खाऊ’ म्हणून भागत नाही. आंबापोळी, मेतकूट, चकली असं वेगवेगळं, वजन-किमतीसह लिहावं. ओळखपत्राची प्रत पर्समध्ये असू द्या. लोणचं, तेलकट पाझरणारं काही नको. ताजा हापूस तर नकोच. प्रत्येक देशाचे नियम निराळे, आणि ते बदलतातही. अमेरिकेने कस्टमचे नियम बदलले म्हणून २०२५ च्या ऑगस्टअखेर तिकडची पार्सलं थांबली, ती दिवाळी तोंडावर आल्यावर, १५ ऑक्टोबरला सुरू झाली. म्हणून डबे भरण्याआधीच खिडकीवर चौकशी करावी. आपलं जुनं रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिळवलं आहे.

नुसत्या पत्राला मात्र एवढे सोपस्कार नाहीत. देशोदेशींच्या टपालखात्यांनी १८७४ साली बर्नला करार केला आणि १८७६ मध्ये हिंदुस्थानही त्यात आला. म्हणून तर तिकीट आपल्या देशाचं लावायचं आणि परक्या देशातल्या पोस्टमनने ते पत्र दारी पोचवायचं! नातवाचं उत्तर आलं की त्यातल्या चुका काढत बसू नका. ऱ्हस्व-दीर्घ मागाहून सुधारेल. त्याच आठवड्यात दुसरं पत्र टाका म्हणजे झालं.