वाढलेल्या बांगड्या

चंदीगड म्हणजे ल कॉर्बुझिए यांनी आखलेले शहर. ८०० मीटर रुंद, १,२०० मीटर लांब सेक्टर, सरळ रस्ते. सारे नेटके, पण मन काही रमेना.

मग रॉक गार्डनमध्ये गेलो. शहरासाठी पाडलेल्या खेड्यांचे अवशेष, फुटक्या कपबश्या, बांगड्या वेचून रस्तानिरीक्षक नेकचंद यांनी, बांधकामाला मनाई असलेल्या जागी, मूर्तींची ही वसाहत गुपचूप उभारली. उघडकीस आल्यावर ती पाडण्याच्या गोष्टी झाल्या. लोकांनी ती वाचवली. १९७६ साली ती सर्वांना खुली झाली.

बांगड्यांच्या बाहुल्यांपाशी सौ. थबकली. "अहो, आपण फुटलेली बांगडी 'वाढली' म्हणतो ना? इथं खरंच वाढल्या की!"

रस्ते नकाशात आखता येतात; गावपण माणसे वाढवतात. आखणाऱ्याने त्याला जागा तेवढी ठेवावी.