पणजीची घंटा आणि ओवीतलं ख्रिस्तचरित्र

सुट्टीत गोव्याला आलात तर समुद्रकिनाऱ्यांच्या यादीतून एक सकाळ बाजूला काढा आणि पणजी पायी बघा. मी मूळचा डिचोलीचा, नोकरी पणजीत, सॉफ्टवेअरची. हे शहर छोटं आहे, तीन-चार तासांत फिरून होतं. पण या फिरण्यात एका प्रश्नाचं उत्तर हळूहळू मिळत जातं: ख्रिस्ती माणसाची श्रद्धा रोजच्या जगण्यात वाढते कशी? आपल्या मंडळांत वारी, पारायण, गणपती यांबद्दल सगळ्यांना माहिती असते. शेजारच्या ख्रिस्ती घराबद्दल मात्र आपली ओळख बहुधा नाताळच्या केकपाशी थांबते.

सुरुवात करा ती फोटोंत दिसणाऱ्या पांढऱ्याशुभ्र चर्चपासून. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च. 1541 मध्ये इथे छोटं प्रार्थनास्थळ होतं, 1619 मध्ये त्याचं मोठं चर्च झालं. पोर्तुगालहून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेले खलाशी मांडवीत शिरले की आधी इथे येऊन आभार मानत. वरच्या मनोऱ्यातली भलीमोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन साधूंच्या चर्चमधली आहे. ते चर्च ओस पडलं आणि 1871 मध्ये घंटा इथे चढवली गेली.

या चर्चचं फेस्त 8 डिसेंबरला असतं. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. नोव्हेना म्हणजे आपल्या नवरात्रासारखा नऊ दिवसांचा नेम: रोज प्रार्थना, रोज प्रवचन. आमच्या ऑफिसमधली एक सहकारी त्या दिवसांत सकाळी नोव्हेना करूनच कामावर येते. "नऊ दिवसांत असं काय होतं गं?" असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी माझी मागण्यांची यादी मोठी असते. शेवटच्या दिवसापर्यंत ती लहान होते. बाकी काही होत नाही." मला हे उत्तर फार आवडलं. आजीने पारायणाबद्दल दिलं असतं तर असंच काहीसं दिलं असतं.

जुन्या गोव्यात 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. त्यासाठी सावंतवाडी आणि बेळगावकडून भाविक चालत येतात. पेडणे आणि डिचोलीच्या रस्त्यांवर तेव्हा पाठीवर पिशव्या घेतलेल्या तरुणांचे घोळके दिसतात. पालखी नसली तरी चाल ओळखीची वाटते.

घरातली साधना याहून साधी. संध्याकाळी कुटुंब एकत्र बसून तेर्स म्हणतं, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ती संपली की मुलं मोठ्यांकडे 'बेसांव' मागतात, म्हणजे आशीर्वाद. आपलं शुभंकरोती झाल्यावरच्या नमस्काराची आठवण येते ना? मे महिन्यात वाटेवरच्या क्रूसासमोर लादाइन्ह होते, शेजारपाजारचे जमतात आणि उकडलेले चणे वाटले जातात. मोठ्या अनुभवाची वाट बघत कोणी बसत नाही. रोजचा नेम, ठरलेली वेळ, सोबत माणसं, एवढ्यावर श्रद्धा वाढत राहते.

आता खाली उतरून फोंतेन्हासमध्ये या. रंगीत घरांच्या गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपेल आहे. आतल्या क्रूसावरच्या येशूची मान झुकलेली नाही आणि डोळे उघडे आहेत. हा क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. ज्या धर्मन्यायालयाने 1560 पासून गोव्यातल्या माणसांना श्रद्धेच्या नावाखाली शिक्षा दिल्या, त्यांच्या समोरचा हा क्रूस. 1812 मध्ये ते न्यायालय कायमचं बंद झालं, क्रूस पणजीला आला आणि 1918 मध्ये या चॅपेलमध्ये. पुढे जाण्याआधी इथे थोडा वेळ थांबावं असं मला वाटतं. देवळं पाडली गेली, माणसं गावं सोडून गेली, हे गोव्याच्या इतिहासातून पुसता येत नाही. इन्क्विझिशन संपल्यावर काही वर्षांतच, 1818 च्या सुमारास, पणजीत महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं. आज तिथल्या आणि चर्चमधल्या घंटा एकाच शहरात वाजतात.

त्याच कठीण काळात आपल्या भाषेशी जोडलेली एक वेगळी गोष्ट घडली. ती शोधायला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायचं. ग्रंथालयाला कृष्णदास शामा यांचं नाव आहे, ज्यांनी सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्र लिहिलं. आणि इथेच क्रिस्तपुराणाची जुनी हस्तलिखित प्रत जपलेली आहे.

क्रिस्तपुराण लिहिलं थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने. तो 1579 च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला, वय साधारण तीस. सासष्टीत राहून तो कोकणी आणि मराठी शिकला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पूर्वीची पुराणं सुटली होती. आम्हाला आमच्या भाषेत पुराण का नाही, असा प्रश्न अशाच एका श्रोत्याने विचारल्याचं ग्रंथाच्या सुरुवातीलाच येतं. उत्तर म्हणून स्टीफन्सने जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. ग्रंथ 1616 मध्ये राशोलला रोमन लिपीत छापला गेला. म्हणजे गोव्यात पाऊल टाकल्यापासून 37 वर्षांनी! आम्ही सॉफ्टवेअरवाले तीन महिन्यांत काम संपवायच्या गोष्टी करतो.

आत बायबलची कथा आहे, पण छंद ज्ञानेश्वरीचा. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मराठीची थोरवी सांगताना फुलांतली मोगरी, परिमळांतली कस्तुरी अशा उपमा देतो. लोकांनी हे पुराण चर्चमध्ये आणि घरी गाऊन म्हटलं. पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं: तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. लोकांनी भाषा सोडली नाही. सतराव्या शतकात छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही, पण हाताने उतरवलेल्या प्रती टिकल्या. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी हे पुराण सोबत नेलं आणि 1907 मध्ये ते तिथे पुन्हा छापलं गेलं.

कॅथलिक चर्चने जगभर लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा म्हणायला सुरुवात केली ती 1960 च्या दशकात. सासष्टीच्या त्या श्रोत्याला ही गरज साडेतीनशे वर्षं आधी कळली होती: शिकवण परकीही चालेल, पण ती मनात मुरायला घरची भाषा लागते. महाराष्ट्रात हाच धागा पुढे गेला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं आणि 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

परराज्यात किंवा परदेशात मुलं वाढवणाऱ्या आपल्या पिढीला यात घेण्यासारखं आहे. मुलांना श्लोक शिकवा, अभंग शिकवा किंवा येशूची गोष्ट सांगा. पण रोज थोडं, ठरलेल्या वेळी आणि आपल्या भाषेत. आणि पणजीला आलात तर ग्रंथालय बघायला विसरू नका. मुलांना सांगा, आपल्या मराठीत हेही लिहिलं गेलं आहे.