आधी पाय, मग हात

सकाळचे पावणेसात. कोर्टाच्या कडेला दव आहे आणि माझ्या उजव्या तळव्यावर, करंगळीच्या खाली, दुसरा फोड आलाय. ४७व्या वर्षी टेनिसची रॅकेट हातात धरली, त्याला आज तीन महिने झाले.

सुरुवातीला वाटायचं, सगळा जोर हातात लागतो. लागतात ते पाय. समोरचा चेंडू मारतो, नेमक्या त्या क्षणी जागच्या जागी एक छोटी उडी घ्यायची, म्हणजे अंग कुठल्याही बाजूला निघायला मोकळं होतं. "ताई, आधी पाय, मग हात," सर रोज सांगतात. कानांना पहिल्याच दिवशी कळलं. पोटऱ्यांना कळायला दोन महिने गेले.

जाळी मधोमध ३ फूट उंच असते, खांबांपाशी साडेतीन. म्हणूनच नवशिक्याने फटका तिरका मारावा: चेंडू जाळीच्या सखल भागावरून जातो आणि कर्णावर कोर्टही जास्त लांब मिळतं. शाळेतला पायथागोरस इतक्या वर्षांनी असा भेटला, याचा मला फार आनंद झाला.

रोहन बोपण्णाने २०२४मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून पुरुष दुहेरीतलं पहिलं ग्रँड स्लॅम मिळवलं, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. तो आयुष्यभर खेळलेला, माझी तुलनाच नाही. पण त्यानंतर वयाची सबब सांगायला माझं मन धजत नाही.

आज सलग अकरा फटके जाळीपलीकडे गेले. अकरावा बेसलाइनच्या वीतभर आत पडला.